शेवटची पंगत

“रात्री किती वाजता जेवता?” या प्रश्नाला मी क्षणाचाही विचार न करता “साडेनऊला” असे उत्तर दिले. समोर बसलेल्या डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतले नाही. पेन तसेच हातात धरून त्यांनी विचारले, “साडेनऊला ताटे कोण वाढते?”

“मीच वाढते.”

“मग तुमचे जेवण कधी होते?”

तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब करू लागले. आठ-सव्वाआठला मी घरी पोहोचते, कुकर लावून आणि कणीक मळून पोळ्या होईपर्यंत सव्वानऊ वाजतात, साडेनऊला सगळे पानांवर बसतात, त्यांना गरम पोळी वाढता वाढता दहा होतात, आणि मग ओट्यावरची आवराआवर करता करता सव्वादहाच्या सुमारास, कधी ताट घेऊन तर कधी कढईतच भात कालवून, माझे जेवण होते. अकराला मी आडवी होते. हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी कागदावर दोनच आकडे लिहिले, 10.15 आणि 11, आणि दोहोंभोवती मिळून एक गोल काढला. छातीतल्या जळजळीच्या ज्या दुखण्यासाठी चार वर्षे मी मिरचीला, चहाला आणि आपल्या नाजूक पोटाला दोष देत होते, ते त्या गोलात होते. मात्र हे पटायला मला पुढचे कितीतरी महिने लागले, आणि त्या महिन्यांविषयीच मला लिहायचे आहे.

मी बदलापूरला राहते आणि फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करते. पहाटे पाचला उठून उपाशीपोटी कडक चहा, चार डबे, साडेसातच्या सुमारास गाडी, दुपारी एकला सहकाऱ्यांबरोबर डबा, चारला पुन्हा चहा आणि त्याबरोबर कोणी आणलेले फरसाण किंवा समोसा, आणि त्यानंतर थेट रात्रीचे जेवण, असा माझा वीस वर्षांचा क्रम आहे. महिलांच्या डब्यात कोणी करपट ढेकर येत असल्याचे म्हणाली, की तीन पर्समधून तीन गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर निघतात. त्यांतली एक पट्टी माझी असे. छातीत जळजळले की गोळी, घशाशी आंबट पाणी आले की गोळी, लग्नाचे जेवण असले की आधीच गोळी. तिच्यासाठी कधी कोणा डॉक्टरांना विचारावे असे मला वाटले नाही, आणि औषधांच्या दुकानातही कोणी चिठ्ठी मागितली नाही.

मार्चमधल्या एका रात्री मात्र छातीच्या मधोमध इतके दाटून आले की मी घाबरून उठून बसले. घाम फुटला होता. पतींनी वेळ न घालवता रिक्षा काढून मला रुग्णालयात नेले. तिथे हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, सहा तास ठेवून घेतले आणि हृदय ठीक असल्याचे सांगितले. हे मी तपशिलाने लिहिते आहे, कारण “पित्तच असेल” असे म्हणून अशा रात्री अंथरुणातच काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. छातीतल्या दुखण्यात पहिला संशय हृदयाचाच घ्यावा, आणि बाईच्या बाबतीत तर अधिकच, कारण तिच्या हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा पुस्तकी नसतात. त्याचप्रमाणे घास अडकणे, काळी शौचास होणे, उलटीत रक्त दिसणे किंवा कारण नसताना वजन उतरणे यांपैकी काहीही असले, तर पथ्यपाण्याच्या गप्पा बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. माझ्यात यातले काही नव्हते. चार वर्षांच्या जुनाट त्रासामुळे दुर्बिणीतून तपासणी झाली, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी अस्तर थोडेसे सोलवटलेले निघाले. अहवालावर ‘लॉस एंजेलिस, ग्रेड ए’ असे लिहिले होते. हे वर्गीकरण 1994 साली त्या शहरात भरलेल्या वैद्यकीय परिषदेत मांडले गेले, म्हणून त्याला ते नाव पडले. त्यात ए म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा मोठा नसलेला ओरखडा, सगळ्यांत सौम्य पायरी. सौम्य असूनही तो चित्रात पाहताना मला रडू आले. गुलाबी, ओलसर नळीवर तांबडी रेघ होती, आणि ती मी रोज थोडी थोडी ओढली होती.

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांबीची असते, आणि ती जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि एरवी आवळलेले राहते. जठरात दिवसाकाठी दीड ते दोन लिटर रस पाझरतो. त्यातले आम्ल लोखंडाला गंज चढवील इतके तीव्र असते, पण जठराच्या भिंतीवर चिकट श्लेष्म्याचे जाड लिंपण असल्यामुळे जठराला त्याची बाधा होत नाही. अन्ननलिकेला तसे लिंपण नाही. तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत, माझ्याही, प्रश्न आम्ल जास्त तयार होण्याचा नसतो. ते नको तिथे चढण्याचा असतो. जठर तट्ट भरले की ते कडे मधूनमधून आपोआप सैल पडते. ढेकर येतो तोही त्याच वाटेने, आणि आम्ल येते तेही त्याच वाटेने. जेवणाने आम्ल सौम्य व्हायला हवे, मग जळजळ नेमकी जेवणानंतर का होते, हा माझा जुना प्रश्न होता. ग्लासगोमधल्या संशोधकांनी 2001 साली त्याचे उत्तर दिले. जेवणानंतर अन्नात न मिसळलेल्या ताज्या आम्लाचा एक थर अन्नाच्या वर, बरोबर त्या कड्याच्या तोंडाशी, साठून राहतो. आमटीवर तेलाचा तवंग यावा तसा. अशा वेळी माणूस आडवा झाला, की तो तवंग वर सरकायला काहीच अडसर राहत नाही. शिवाय झोपेत आपण फारसे गिळत नाही आणि लाळही जवळजवळ थांबते. जागेपणी लाळेचा प्रत्येक घोट अन्ननलिका धुऊन काढतो. झोपेत चढलेले आम्ल मात्र तिथेच रेंगाळते. दिवसाच्या दहा ढेकरांपेक्षा रात्रीचा एक जास्त घातक का, ते मला यातून कळले.

आपल्या भाषेत या सगळ्याला ‘पित्त’ म्हणतात, आणि माझा पहिला घोटाळा त्या शब्दाने केला. छातीत जळजळले तरी पित्त, उलटीत हिरवे-पिवळे पडले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. यांपैकी हिरवे-पिवळे जे असते तो यकृतातून येणारा पित्तरस. जळजळ करणारे ते जठरातले आम्ल. आणि अंगावर उठते ती ॲलर्जी. तीन गोष्टींना एक नाव पडल्यामुळे तिन्हींवर एकच औषध चालेल असे आपण समजतो. लहानपणी अंगावर पित्त उठले की आई आमसूल कोळून लावत असे आणि आग शमत असे. त्या आठवणीवर विसंबून मी छातीतल्या जळजळीवर रोज रात्री पेलाभर आमसुलाचे सार घेत होते. आमसूल मुळात आंबट, त्यात रात्रीची वेळ, त्यात आधीच भरलेल्या पोटात आणखी पेलाभर द्रव. दुपारच्या जेवणात वाटीभर पातळ सार आजही मला बाधत नाही, पण रात्रीचे ते सार माझ्या सोलवटलेल्या जागेवर मी स्वतःच्या हाताने ओतत होते. आयुर्वेदाच्या शब्दांत मात्र हा घोटाळा नाही. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातले ‘तिक्ताम्लोद्गार’ व ‘हृत्कंठदाह’ हे दोन शब्द वाचले तेव्हा माझ्या चार वर्षांच्या रात्री कोणीतरी बाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवल्यासारखे वाटले. कडू-आंबट ढेकर आणि काळजापासून कंठापर्यंत आग. इतक्या थोडक्यात मला ते कोणत्याही डॉक्टरांना सांगता आले नव्हते.

गोळीविषयी थोडक्यात सांगते. मी ती जेवल्यावर, जळजळ सुरू झाली की घेत असे. जठरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते जेवणाच्या चाहुलीने कामाला लागतात, आणि ही गोळी कामाला लागलेल्या पंपांनाच बंद करते. म्हणून ती न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यायची असते. चार वर्षे मी ती चुकीच्या वेळी घेतली. डॉक्टर बाईंनी ती आठ आठवडे, योग्य वेळी, घ्यायला लावली आणि नंतर हळूहळू कमी केली, कारण एकदम सोडली की दाबून ठेवलेले आम्ल काही दिवस उसळून येते आणि माणसाला वाटते की आता गोळीवाचून आपले चालणारच नाही. गोळी वाईट नव्हे. माझा ओरखडा तिनेच भरून आणला. पण ती आम्लाचा तिखटपणा कमी करते, चढण्याची वाट बंद करीत नाही. वाट बंद करायची तर ताटाकडे आणि घड्याळाकडे पाहावे लागणार होते.

काय खाऊ नये याची यादी मला सगळ्यांनी दिली. शेजारच्या काकूंनी तूरडाळ, वांगे, हिरवी मिरची आणि शेंगदाणे बंद करायला सांगितले. कार्यालयातल्या मैत्रिणीने गहू. माझ्या बहिणीने दही, लिंबू, टोमॅटो आणि चिंच. आणि आणखी कोणी चहा, कॉफी, चॉकलेट, पुदिना, कांदा, लसूण. सगळ्यांचे ऐकले तेव्हा माझ्या ताटात मऊभात, मेतकूट, दुधी आणि केळे एवढेच उरले. तीन आठवडे मी तेच खाल्ले. अंगातली शक्ती गेली, जेवणावरची वासना उडाली, आणि जळजळ मात्र निम्मीच कमी झाली, कारण तो मऊभातही मी सव्वादहालाच खात होते. पुढच्या भेटीत डॉक्टर बाईंनी माझी यादी बाजूला सारली. अमेरिकेतल्या जठररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत, त्रासदायक समजले जाणारे सगळे पदार्थ सरसकट बंद करण्याची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट लिहिले असल्याचे त्यांनी मला सांगितले. ज्याला जे बाधते ते त्याने सोडावे. मात्र वजन जास्त असल्यास ते कमी करणे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास काही न खाणे आणि उशाकडची बाजू उंच करणे यांना चांगला आधार आहे. “यादी दुसऱ्यांची नको, तुमची हवी,” असे म्हणून त्यांनी मला वही करायला सांगितली.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. शंभर पानी, मुलीच्या कॉलेजातली उरलेली. त्यात मी पाच रकाने आखले होते: वेळ, काय खाल्ले, किती, खाल्ल्यावर काय केले, आणि काय झाले. शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’, ‘ढेकर’, ‘जळजळ’ आणि ‘घशाशी’ असे चारच शब्द वापरायचे ठरवले होते. दहा आठवडे मी ती प्रामाणिकपणे भरली. गाडीत जागा मिळाली की लिहीत असे, न मिळाली तर रात्री. आणि वहीने मला जे सांगितले, ते कोणाच्याच यादीत नव्हते.

मिरचीचे पाहा. दुपारी एकला खाल्लेल्या ठेचा-भाकरीपुढे अकरापैकी नऊ वेळा ‘काही नाही’ असे लिहिलेले आहे. रात्री सव्वादहाला खाल्लेल्या अगदी फिक्या बटाट्याच्या भाजीपुढे, कारण तिच्याबरोबर चार पोळ्या आणि भात होता, ‘घशाशी’ असे आहे. याचा अर्थ मिरची निर्दोष आहे असा नाही; अस्तर सोललेले असताना पहिल्या महिन्यात तिने मला चांगलेच पोळले. पण आजार तिने आणलेला नव्हता. तळलेल्या पदार्थांविषयी मात्र वहीत दुमत नाही. वडा, भजी, समोसा, शेव यांच्यापुढे दुपार असो की संध्याकाळ, ‘जळजळ’ असेच शब्द आहेत. स्निग्ध पदार्थ जठरात जास्त वेळ मुक्काम करतात आणि ते कडेही सैल करतात, हे मला नंतर समजले. पहाटेचा उपाशीपोटी चहा दोषी ठरला, आणि तोच चहा दोन घास पोह्यांनंतर घेतला की निर्दोष ठरला. थंड दुधाने अर्धा तास बरे वाटे आणि मग जळजळ दुपटीने येई, कारण दूध आम्लाला तात्पुरते निवळते खरे, पण त्यातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल पाझरायला लावतात. चुरमुऱ्यांचा, लाह्यांचा, मुगाच्या खिचडीचा, ज्वारीच्या भाकरीचा, दोडक्याचा आणि पडवळाचा वहीत एकही अपराध नोंदलेला नाही.

उपासाचे पान सगळ्यांत बोलके निघाले. मी सोमवार आणि संकष्टी करते. सोमवारी दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे तूप, दाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि बटाटा यांचा जड गोळा, आणि तोही सकाळपासून रिकाम्या असलेल्या पोटात. संकष्टीला तर चंद्रोदय कधी नऊला, कधी दहाच्या आसपास. दिवसभराची भूक, मग नैवेद्याचे मोदक, वरणभात, तळण, आणि अर्ध्या तासात निजणे. वहीतल्या तिन्ही संकष्टींपुढे मी ‘घशाशी’ असे लिहिले आहे, आणि तिसऱ्या वेळी त्या शब्दाखाली रेघ ओढली आहे. देवाच्या नावाने मी माझ्या शरीराशी हे करावे का, हा प्रश्न मला फार दिवस सलत राहिला. शेवटी मी तो सासूबाईंपुढे ठेवला. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्यांची एकही संकष्टी कधी चुकलेली नाही. त्या म्हणाल्या, “अगं, उपास म्हणजे देवाच्या जवळ बसणं. पोट जाळून कसली जवळ बसतेस? संध्याकाळी सहाला वरीचा भात आणि ताक घे, चंद्र उगवला की नैवेद्यातला मोदकाचा एक तुकडा तोंडात टाक.” तेव्हापासून मी तसेच करते.

वहीच्या चौथ्या रकान्याने, म्हणजे ‘खाल्ल्यावर काय केले’ याने, मला सगळ्यांत जास्त धक्का दिला. जेवण झाल्याबरोबर मी भांडी विसळत असे, ओटा पुसत असे, मग उकिडवी बसून स्वयंपाकघराची फरशी पुसत असे, आणि शेवटी वाकून गाद्या घालत असे. भरल्या पोटी उकिडवे बसले की मांड्या पोटावर दाबतात, आणि जठरातले जे काही आहे ते वरच्या वाटेला लागते. ‘फरशी पुसताना घशाशी’ असे त्या वहीत मी सोळा वेळा लिहिले आहे. त्याला जोड म्हणून परकराची नाडी. साडी दिवसभर चापूनचोपून राहावी म्हणून मी नाडी इतकी करकचून बांधत असे, की रात्री साडी सोडल्यावर कमरेभोवती बोटभर रुंदीचा काळपट वळ दिसत असे. तो वळ मला तीस वर्षे दिसत होता आणि मी तो साडीचाच भाग समजत होते. घट्ट कपडे टाळावेत असे प्रत्येक पत्रकात लिहिलेले असते, पण ते पट्ट्याविषयी लिहिलेले आहे असे आपण समजतो; नाडीचे नाव कोणी घेत नाही. आता मी रुंद पट्टीचे, इलॅस्टिकचे परकर शिवून घेतले आहेत. वळ जायला वर्ष लागले.

आणि तिसरा रकाना, ‘किती’. सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई भुकेपुरते जेवत नाही, उरले असेल तितके जेवते. दोन पोळ्या उरल्या तर दोन, चार उरल्या तर चार; वाटीभर भात उद्या शिळा होईल म्हणून तो, आमटी आंबेल म्हणून ती. एखाद्या दिवशी काहीच उरले नाही तर दूध-पोहे. माझ्या पोटात काय जावे हे इतरांची भूक ठरवत होती. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा असे सांगितले आहे. कडे सैल पडण्याचे मूळ जठर ताणले जाण्यात आहे हे माहीत झाल्यावर त्या मोकळ्या चौथ्या भागाचे मोल मला उमगले. दोन घास कमी जेवावे असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. मला कमी करायचे दोन घास माझे नव्हतेच, ते उरलेले होते. मी आता उरलेला भात रात्रीच फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी त्याला फोडणी देते. अन्न वाया जात नाही, आणि माझ्या पोटाचे कोठार होत नाही. आठ महिन्यांत माझे वजन 71 किलोंवरून 66 वर आले, त्यात या एका गोष्टीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

भात लवकर पचतो हे आपल्या आज्या पेशंटला पेज देताना सांगत. त्याला आधार मला एका जुन्या प्रयोगात सापडला. अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर 1822 साली अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण त्याच्या जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम ब्यूमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून अन्नाचे तुकडे आत सोडले, ते किती वेळात विरघळतात हे पाहिले, आणि 1833 साली सगळे निष्कर्ष छापले. त्याच्या तक्त्यात उकडलेल्या भातापुढे एक तास आहे, आणि भाजलेल्या चरबीदार डुकराच्या मांसापुढे सव्वापाच तास. हा तक्ता वाचताना त्या तरुणाची मला फार दया आली, कारण एका माणसाच्या जखमेतून वर्षानुवर्षे डोकावून हे ज्ञान मिळालेले आहे. पण माझी मऊभातावरची श्रद्धा त्याने पक्की केली. निजायला दोन-तीन तासच हाती असतील, तर एका तासात जठरातून निघणारे अन्न खाणे हाच शहाणपणा आहे.

शतपावली आणि वामकुक्षी हे शब्दही मला नव्याने भेटले. जेवल्यावर शंभर पावले चालावे, मग डाव्या कुशीवर थोडे लवंडावे, झोपू नये. ‘वाम’ म्हणजे डावे, हे ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षे उजव्या कुशीवर निजत होते, कारण डाव्या बाजूला भिंत आहे. जठराचा मोठा फुगवटा डावीकडे असतो. डाव्या कुशीवर निजले की आम्ल त्या फुगवट्यात, कड्याच्या खालच्या पातळीला राहते, आणि उजव्या कुशीवर निजले की कडेच आम्लात बुडते. मी उशाची जागा बदलली, म्हणजे भिंत आता उजवीकडे आली. ओळखीच्या सुताराकडून सागवानी लाकडाचे सहा इंच उंचीचे दोन ठोकळे करून घेतले, त्यांत पलंगाचे पाय बसावेत म्हणून खळगे कोरायला सांगितले, आणि ते उशाकडच्या पायांखाली दिले. नुसत्या दोन उशा घेऊन भागत नाही. त्यांनी मान मुडपते, पोट दाबले जाते आणि त्रास वाढतो. पहिले चार दिवस पती पायथ्याकडे घसरत असल्याची तक्रार करीत होते, पाचव्या दिवसापासून त्यांचे घोरणे कमी झाले.

आता मूळ प्रश्नाकडे, सव्वादहाकडे, येते. तो सोडवायला सगळ्यांत जास्त दिवस लागले, कारण तो माझ्या पोटाचा प्रश्न नव्हता. आमच्या घरात चौघे चार दिशांनी येतात आणि रात्रीचे जेवण हीच एक वेळ सगळ्यांची असते. मी आठच्या आधी घरी पोहोचूच शकत नाही. शेवटी मी दुसरा डबा न्यायला सुरुवात केली. सव्वासहाला कार्यालय सुटले की सगळे निघतात. मी पंधरा मिनिटे मागे थांबते आणि माझ्याच टेबलावर रुमाल पसरून जेवते. बहुधा भाकरी आणि दोडक्याची किंवा दुधीची भाजी, नाहीतर मुगाची खिचडी, कधी पातळ ताक. पहिल्या दिवशी रिकाम्या खोलीत, पंखे बंद झालेले असताना, तो डबा उघडला तेव्हा घास घशाखाली उतरेना. माणूस एकटे जेवले की काहीतरी चोरून खाल्ल्यासारखे वाटते, आणि बाईला तर फारच. घरच्यांच्या आधी आपले पोट भरले याची टोचणी मला महिनाभर होती. मी हे मोकळेपणाने लिहिते, कारण पथ्य मोडते ते याच जागी. जिभेवर ताबा ठेवणे त्या मानाने सोपे आहे.

रात्री साडेनऊला मी आता पाटावर सगळ्यांबरोबर बसते, पुढ्यात फक्त वाटीभर मुगाचे कढण असते, आणि पोळ्या मुलगी तव्यावरून थेट आपल्या ताटात आणि भावाच्या ताटात घालते. भांडी मुलगा विसळतो. फरशी पतींनी दांड्याच्या पोछ्यावर नेली आहे. यातले काहीही मी मागितले नव्हते. त्यांनी माझी वही वाचली होती. सोळा वेळा लिहिलेले ते ‘फरशी पुसताना घशाशी’ मुलाने मोजले आणि तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तो पोछा घेऊन आला.

त्याच सुमारास एका रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मी चिमूटभर सोडा पाण्यात घालून घ्यायचे. तुझ्या लग्नाआधीपासून. सगळ्यांचं झालं, की चुलीपाशी बसून जेवायचं आणि मग तो सोडा.” मी विचारले, “आई, कधी कोणाला सांगितलंत का?” त्यांनी मान हलवली. “सांगण्यासारखं काय त्यात? माझी सासूही घ्यायची.” त्यांच्या माजघरातल्या त्या डबीचे झाकण मला आठवले. निळ्या रंगाचे, पत्र्याचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती ढोकळ्यासाठी असावी असे मला वाटले होते.

यंदा गौरींच्या जेवणाला घरात एकवीस माणसे होती. नैवेद्य दाखवला, आरती झाली, पुरुषांची आणि मुलांची पाने मांडायला आम्ही जावा उठलो, तेव्हा सासूबाईंनी मला हाताने खाली बसवले. “तू पहिल्या पंगतीला बस. तुझ्या दोन्ही जावांनाही बसव. वाढायला हे लोक आहेत.” दीर आणि मुलगे आधी गोंधळले, मग एकाने भाताचे पातेले उचलले आणि दुसऱ्याने कटाच्या आमटीचे. मी कटाची आमटी नको म्हणाले, कारण तिच्यातला मसाला आणि चिंच मला अजून झेपत नाही. सासूबाई स्वतः पोळ्यांची चाळण घेऊन आल्या. त्यांनी माझ्या पानात अर्धी पुरणपोळी वाढली, तिच्यावर चमचाभर तूप सोडले, दुधाची वाटी सरकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेबारा वाजले होते.